काळ्या खडकावरची टाचणी

सिप्रियन बेदोच्या हातात निळी टाचणी होती, आणि ती कुठे खुपसायची ते त्याने घरून निघतानाच ठरवलं होतं. खोटं बोलायचंच तर घरून ठरवून यावं, ऐनवेळी सुचलेलं अंगाशी येतं, एवढी अक्कल त्याला होती. सबंध आयुष्य समुद्रावर काढलेला माणूस तो. आणि आमच्या रोशेल बेटावर मासे धरणाऱ्याने आपली जागा खरी सांगितली, असं कुणी कधी ऐकलेलं नाही. बायकोला सांगत नाहीत, पाद्र्याला सांगत नाहीत, तिथे पुठ्ठ्याला कोण सांगणार?

पुठ्ठाच होता तो. चर्चच्या हॉलमध्ये दोन टेबलं जोडून त्यावर अख्खं बेट मांडलं होतं. पुठ्ठ्याचे थर एकावर एक चिकटवून डोंगर वर आणला होता, आणि खाली समुद्राचा तळ पायरीपायरीने उतरत नेला होता. वरून निळा रंग, कडेला पांढरा. शाळेतल्या मास्तरणीने पोरांकडून महिनाभर कात्र्या चालवून घेतल्या होत्या. आता त्यावर टाचण्या लावायच्या होत्या. शंखांसाठी निळी, शेवंडांसाठी लाल, कासवं अंडी घालतात तिथे पिवळी, समुद्री गवताला हिरवी.

"तुमच्या डोक्यात जो समुद्र आहे ना, तो मला इथे हवाय," रोझॅन म्हणाली. रोझॅन लेंडोर ही मोठ्या बेटावरून, ग्रेनाडाहून आलेली पोर. समुद्र राखणाऱ्या एका संस्थेत कामाला. "आमच्याकडे नकाशे आहेत, पण तळाला काय जगतंय ते त्यात नाही. ते तुम्हाला ठाऊक आहे. जे टेबलावर दिसेल ते वाचवता येईल. नाही दिसलं तर मला कुणाशी भांडता येणार नाही."

बापे माना डोलवत होते. माना डोलवायला काय जातंय? एकेक जण पुढे यायचा, टाचणी हातात फिरवायचा, दुसऱ्यांच्या टाचण्यांकडे तिरक्या डोळ्यांनी बघायचा आणि आपली भलतीकडेच खुपसून परत जायचा. फेलिक्स कजोने शेवंडांची लाल टाचणी अशा जागी लावली की जिथे त्याने उभ्या जन्मात पिंजरा टाकला नव्हता. सिप्रियनला ते ठाऊक होतं, आणि सिप्रियनला ठाऊक आहे हे फेलिक्सला ठाऊक होतं. दोघांनी एकमेकांकडे बघून घसे खाकरले.

"अगं बाई, काय हे!" मागच्या बाकावरून तांती मेबेल ओरडली. ती साऱ्या गावाची आत्या, समुद्री शेवाळ वाळवून विकायची. "या बाप्यांनी टाचण्या लावल्यात तिथे खरंच मासे असते, तर आपण पाय न भिजवता त्यांच्या पाठीवरून कॅरिआकू बेटावर चालत गेलो असतो!"

बायका हसल्या. बापेही हसले, जरा जास्तच मोठ्याने. रोझॅनही हसली, पण तिला त्यातलं काही कळलं नव्हतं. ती बिचारी टाचण्या मोजत होती.

सिप्रियन उठला. मामझेलची खाडी पुठ्ठ्यावर अगदी हुबेहूब उतरली होती, डोंगराच्या कुशीत, वाटीसारखी. त्याचा बाप त्याला पहिल्यांदा पाण्यात घेऊन गेला तो तिथेच. वरून बघाल तर नुसता गढूळ कोपरा, मासे नाहीत, खडक नाही. खाली मात्र मांडीएवढं उंच गवत, आणि गवतात शंख. जिवंत शंख, गुलाबी ओठांचे, गाईंसारखे हळूहळू चरत जाणारे. बापाने ते त्याला दाखवलं आणि एवढंच म्हणाला, "आता तोंड बंद." ते त्याने आजवर बंद ठेवलं होतं. दर खेपेला मोजके काढायचे, ओठ जाड झालेले, म्हणजे पुरते वाढलेलेच काढायचे, आणि येताना लांबचा वळसा घालून यायचं.

त्याने हात खाडीवरून पुढे नेला आणि टाचणी बेटाच्या दुसऱ्या टोकाला, काळ्या खडकाजवळ खुपसली. तिथे ओहोटीचा लोट असा की धड माणूस उभा राहत नाही, आणि तळ म्हणजे तासलेला दगड.

"इथे शंख?" रोझॅनने विचारलं.

"बख्खळ," सिप्रियन म्हणाला.

आता असं का केलं, तर त्याला कारण होतं, आणि ते कारण त्याच्या पुढच्या खोलीत पांढऱ्या चादरीखाली आडवं पडलं होतं. आयोनीच्या थडग्याचा दगड. बायको जाऊन बरेच दिवस झाले होते, पण आमच्यात दगड लगेच उभा करत नाहीत. ऐपत व्हावी लागते, परगावची लेकरं यावी लागतात. तोवर दगड घरात राहतो, आणि दगड घरात आहे तोवर माणूस पुरतं गेलेलं नसतं. कुठेतरी दारातच घुटमळत असतं. टोरँटोची लेक ईस्टरला सुट्टी काढून येणार होती. मग मेलेल्यांसाठी बिनमिठाचं रांधायचं, दगडावर रम शिंपडायची, ढोल लावून तो स्मशानात न्यायचा आणि गावाला जेवू घालायचं.

आणि आयोनी स्वप्नात आली होती. चर्चला जायच्या झग्यात, मामझेलच्या पाण्यात कमरेपर्यंत उभी. "सिप," ती म्हणाली, "माझ्या जेवणाला मामझेलचे शंख हवेत. कोंबडीच्या तंगड्यांवर भागवू नकोस, सांगून ठेवते." मेलेलं माणूस स्वप्नात येऊन मागतं ते द्यायचं असतं, त्यात काथ्याकूट नाही. जिवंतपणी बाईने काही मागितलं नव्हतं. मागितलं ते हे.

शेजारच्या बेटावर काय झालं ते त्याने ऐकलं होतं. आधी टाचण्या आल्या, मग टाचण्यांभोवती लाल लोकर, मग लोकरीच्या आत मासे धरायला बंदी. टाचणी नाही तर लोकर नाही, साधा हिशोब. 'एकदा बाईचा दगड उभा राहू दे,' तो मनाशी म्हणाला, 'मग मीच जाऊन सांगेन पोरीला.' आणि खरंच सांगणार होता तो. वाईट माणूस नव्हता.

रोझॅन उतरली होती त्याच्याच घरी. बेटावर हॉटेल कुठलं असायला? मागची खोली त्याने तिला दिली. सकाळी तो तिला बेक, म्हणजे कणकेच्या जाड पुऱ्या, तळून द्यायचा, गरमागरम, आत खारवलेला मासा. तीही खायची मनापासून. दगडावरची चादर सरकली तर नीट करायची, आणि जाता-येता "येते हं, तांती आयोनी," म्हणायची. सिप्रियनला तिचं ते वागणं आवडायचं. लेक जवळ असती तर असंच म्हणाली असती.

टाचण्या लावून झाल्यावर रोझॅन आणि तिचे दोन सोबती त्या त्या जागी बुड्या मारून बघायला लागले. काळ्या खडकावरून ती परत आली तेव्हा ओठ निळे पडले होते आणि गुडघा सोलला होता. कपडे बदलून टेबलाशी बसली. सिप्रियनने पुढे मक्याच्या पिठाचं घट्ट शिजवलेलं कूकू ठेवलं. तिने चमचा उचलला नाही.

"काका, तिथे काहीच नाही."

सिप्रियन पातेलं घासत होता.

"दोनदा खाली गेले. नुसता दगड. एक शंख नाही, रिकामं कवचसुद्धा नाही. तुम्ही तर बख्खळ म्हणाला होतात." तिने ताट बाजूला सारलं. "आधी होते का? आता संपले का? खरं सांगा मला."

इथे सांगायचं होतं त्याने. टेबल त्याचं, घर त्याचं, ऐकायला तिसरं कुणी नाही. पलीकडे चादरीखाली आयोनी. पोर तर समोर हात पसरून बसली होती. पण ईस्टर अजून लांब होता.

"संपले गं," तो म्हणाला. "पूर्वी होते. आता सगळंच संपत चाललंय."

रोझॅनच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, म्हाताऱ्याला स्वतःच्या तोंडाने हे कबूल करायला किती जड गेलं असेल. तिने उठून त्याच्या पाठीवर हात ठेवला. सिप्रियन पातेलं घासत राहिला.

पुढे नकाशा पुरा झाला. हॉलमध्ये जेवण झालं, फोटो निघाले. टेबलाच्या कडेला मदत करणाऱ्यांच्या नावांची पाटी लागली, त्यात सिप्रियनचं नाव सगळ्यात वर. काळ्या खडकावरच्या निळ्या टाचणीला रोझॅनने काळा धागा बांधला. पूर्वी होते, आता नाहीत, अशी त्याची खूण. मामझेलच्या खाडीत काही नव्हतं. नुसता निळा रंग.

त्या दिवसांत तो खुशीत होता म्हणायला हरकत नाही. झुंजुमुंजू होताना होडी काढायचा, वळसा घालून मामझेलला जायचा, डोळ्यांवर काच चढवून खाली बघायचा. गवत डुलत असायचं. त्यात शंख पुढे पुढे सरकत, मागे बारीक रेघ सोडत चाललेले. काठाजवळ त्याने दगडांचं कुंपण केलं होतं. ओठ जाड झालेले मोठे शंख निवडून तो त्यात सोडत होता, आयोनीच्या जेवणासाठी. "बघ," तो पाण्याशी बोलायचा, "तुझी ताटं भरत आणलीत."

मग एका सकाळी किनाऱ्यावर खुंट दिसले. लाकडी, रांगेने ठोकलेले, प्रत्येकाला लाल फीत. तो होडीतून उतरून त्यांच्याकडे बघत उभा राहिला. एक उपटायचा प्रयत्न केला, निघाला नाही.

"मरिना येतीय," फेलिक्स कजोने धक्क्यावर सांगितलं. "श्रीमंतांच्या नौका लावायला. मामझेलचा तळ उपसून खोल करणार. माझ्या पोराला गाळ उपसायच्या जहाजावर काम देतो म्हणालेत."

"मामझेल? बाकीच्या खाड्या काय मेल्या का?"

"बाकीच्यांत टाचण्या आहेत ना, लेका." फेलिक्सने जाळ्यातून मान वर केली. "कंपनीवाल्यांनी तो पुठ्ठा बघितला. म्हणाले, जिथे काही जगत नाही तिथेच बांधू, म्हणजे कुणाचं नुकसान नको. भले लोक आहेत."

आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा मारून घेतला होता सिप्रियनने, आणि तो आत्ता लागला.

सभा हॉलमध्येच भरली. पुठ्ठ्याचं बेट भिंतीशी सरकवलं होतं. सरकारी साहेब सभ्य होता, स्वच्छ सदरा, हळू बोलणं. कंपनीची बाई त्याहून सभ्य. रोझॅन ग्रेनाडाहून मुद्दाम आली होती आणि पहिल्या बाकावर बसली होती. साहेबाने कुणाला काही बोलायचंय का म्हणून विचारलं, तसा सिप्रियन उभा राहिला.

"मामझेलमध्ये गवत आहे," तो म्हणाला. "आणि गवतात शंख आहेत. तिथे पिल्लं होतात त्यांची. तिथलं उपसलं तर या बेटाभोवती शंख उरणार नाही."

साहेबाने कागद उलटले. "मिस्टर बेदो, आपण शंखांची टाचणी काळ्या खडकाशी लावलीत. हे आपलंच नाव ना?"

"ते खोटं होतं."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरं कुणी. कंपनीच्या बाईने अदबीने मान खाली घातली.

"आता खाडीचं काम निघाल्यावर हे आठवलं," साहेब म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, हेच वाईट. "हे बघा, हा नकाशा आम्ही केलेला नाही. तुमच्या लोकांनी केलाय, तुमच्या हातांनी. आम्ही तर त्याचा मान ठेवतोय."

सिप्रियनने सगळीकडे बघितलं. फेलिक्सला मामझेल माहीत होती. किती वर्षं तिथला शंख त्याने सिप्रियनच्या घरी बसून चापला होता! फेलिक्स टोपी गुडघ्यावर ठेवून तिच्या कडेची शिवण निरखत होता. बाकीचे बापेही मूग गिळून बसले. आपापली टाचणी कुणी विचारायला नको, ही ज्याची त्याची काळजी.

मग रोझॅन उठली. ती साहेबाकडे वळलीच नाही.

"काका," ती म्हणाली, "त्या दिवशी टेबलाशी मी विचारलं होतं. तेव्हा काय सांगितलंत मला?"

"खोटं."

"मी रडले होते."

"बघितलं मी."

ती खाली बसली. हॉलमध्ये आता कुणी हसत नव्हतं, पण ते त्याच्या उपयोगाचं नव्हतं.

बाहेर आल्यावर सिप्रियनने फेलिक्सचा दंड धरला. "तुला माहीत होतं."

"मला पुष्कळ माहीत असतं." फेलिक्सने दंड सोडवून घेतला नाही. "सिप, मी पण खोटीच लावली रे. सगळ्यांनीच. फक्त आमचं खोटं कुणाच्या उपयोगी पडलं नाही, एवढंच."

दुसऱ्या दिवशी रोझॅन सिप्रियनच्या होडीत बसून मामझेलला गेली. पाण्यात उतरली ती बराच वेळ वर आलीच नाही. वर यायची, श्वास घ्यायची, पुन्हा खाली. शेवटी होडीचा काठ दोन्ही हातांनी धरून लोंबकळत राहिली. तोंडावरची काच काढली तेव्हा ती हसत होती की रडत, त्याला कळेना.

"केवढं आहे हे!" ती म्हणाली. "काका, केवढं आहे हे! मी असं कुठेच बघितलेलं नाही." आणि मग, "का केलंत हो असं?"

त्याने आयोनीचं सांगितलं. दगडाचं, स्वप्नाचं, ईस्टरचं. ती ऐकत राहिली.

"मला सांगितलं असतंत," ती म्हणाली, "तर मी स्वतः ईस्टरपर्यंत लोकर लावू दिली नसती. एवढंच होतं ना?"

सिप्रियनला वाटलं, हिने मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं. एवढंच होतं. खरोखर एवढंच होतं.

तिने फोटो पाठवले, पत्रं पाठवली, ग्रेनाडाला जाऊन साहेबांच्या दारात बसून आली. परवानगी फिरली नाही. उत्तर मात्र आलं, आणि तेही सभ्य. शंख सापडले ही आनंदाची गोष्ट, कंपनी ते आपल्या खर्चाने हलवून देईल. कुठे? तर जिथे ते पूर्वी भरपूर होते आणि आता संपले, असं गावच्याच माणसाने सांगितलंय, तिथे. काळ्या खडकाशी.

"तिथे मरतील ते!" सिप्रियन टेबलावर हात आपटून म्हणाला. "गवत नाही, आडोसा नाही. लोट त्यांना उचलून आपटेल. तू सांग त्यांना!"

"सांगितलं. म्हणतात, मग तिथे पूर्वी कसे होते?" रोझॅन पलीकडे दगडावरच्या चादरीकडे बघत होती. "दुसरी जागा हवी तर नवा अर्ज करा म्हणतात. गाळ उपसायचं जहाज खाडीच्या तोंडाशी येऊन थांबलंय, काका. एक तर काळा खडक, नाही तर चिखलाखाली. तुम्ही सांगा."

ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत शंख हलवायचं काम सुरू झालं. कंपनीने होड्या भाड्याने घेतल्या, आणि मामझेलचा तळ सिप्रियनइतका कुणाला ठाऊक नव्हता, म्हणून सगळ्यात पुढे त्याची होडी. खाली जायचं, गवतातून शंख उचलायचा, वर आणायचा. रोझॅन प्रत्येकाच्या पाठीवर आकडा घातलेली बारीक पट्टी चिकटवायची, पुढे कोण जगलं ते कळावं म्हणून. कंपनीचा माणूस होडीत छत्री धरून बसलेला. मग बेटाला वळसा घालून काळ्या खडकाशी जायचं आणि एकेक करून सोडायचे. सिप्रियन ते फेकायचा नाही. प्रत्येक वेळी खाली जाऊन, दगडाच्या खाचेत, पोट खाली करून ठेवायचा. ठेवून वर येईतो लोट त्यांना उलथंपालथं करत असायचा.

शेवटच्या दिवशी रोझॅनला दगडांचं कुंपण दिसलं. आत आयोनीचे शंख, जाड ओठांचे, थोराड.

"हे तांतीचे?" तिने विचारलं.

"तिचे."

"राहू देत मग. जेवणाला लागतील."

सिप्रियन कुंपणाशी पाण्यात उभा होता, कमरेपर्यंत, स्वप्नात आयोनी उभी होती तसा. "अंडी घालणारे हेच ना?" त्याने विचारलं.

"हो. काही जगायचं असलं तर यांच्यामुळेच जगेल."

"मग लाव पट्ट्या," तो म्हणाला, आणि कुंपणाचे दगड काढू लागला. "आयोनीला मी सांगेन काय ते."

ईस्टरला लेक आली. दगडावर रम शिंपडली, ढोल वाजले, तांती मेबेल नाचली, दगड उभा राहिला. दगड चांगला होता. जेवणात कोंबडीच्या तंगड्या होत्या, बोटीने आलेल्या, बर्फातल्या. मेलेल्यांसाठी वेगळं ताट वाढून ठेवतात, त्यातही त्याच. पाहुणे बोटं चाटत जेवले. सिप्रियनने ते ताट रात्रभर आपल्या नजरेसमोर ठेवलं आणि सकाळी जसंच्या तसं उचललं. पलीकडे मामझेलमध्ये जहाज गुरगुरत होतं. खाडीपासून धक्क्यापर्यंतचं पाणी दुधाळ चहासारखं झालं होतं. ढोल थांबले की तेवढाच आवाज ऐकू यायचा.

रोझॅन परत आली ती पावसाळा तोंडावर आला तेव्हा. काळ्या खडकाशी सकाळभर बुड्या मारून ती घरी आली, कपडे बदलले, टेबलाशी बसली. सिप्रियनने बेक पुढे ठेवले. पुढच्या खोलीतली जागा आता रिकामी होती, तरी तिने येताना तिकडे बघितलं होतं.

"फार थोडे दिसले," ती म्हणाली. "पट्टीवाले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मेले असते तर रिकामे शंख दिसायला हवे होते ना तिथे? तेही नाहीत." तिने त्याच्याकडे बघितलं. डोळे खोल गेले होते पोरीचे. "खोल पाण्यात सरकले असतील का, काका? साहेब तेच म्हणतायत. सरकले असं लिहिलं की काम यशस्वी झालं. तशाच अजून दोन बेटांवर मरिना व्हायच्यात. तुम्ही सांगा. सरकले असतील?"

'हो' म्हटलं असतं तर पोर त्या रात्री निवांत झोपली असती. तिला तेच ऐकायचं होतं, साहेबाला तेच ऐकायचं होतं, आणि गावात तर कुणी विचारणारही नव्हतं. दोन अक्षरंही नव्हती, एकच अक्षर.

"खाऊन घे," तो म्हणाला. "मग चल माझ्याबरोबर."

त्याने तिला टेकडीवरच्या स्मशानात नेलं. आयोनीचा दगड समुद्राकडे तोंड करून उभा होता, आणि त्याच्या भोवती, आमच्यात लावतात तशी, शंखांची कड लावलेली होती. लोक एक रांग लावतात. इथे रांगांवर रांगा होत्या, पार शेजारच्या थडग्यापर्यंत पोचलेल्या. रिकामे शंख, गुलाबी ओठ आकाशाकडे. काहींची टोकं मोडलेली, काही दगडावर आपटून फुटलेले. प्रत्येकाच्या पाठीवर बारीक पट्टी.

"लाट आली की खडकामागच्या वाळूवर येऊन पडायचे," सिप्रियन म्हणाला. "तुम्ही खडकाशी शोधत होतात. मी रोज सकाळी उचलून आणत होतो. तिच्यासाठीच ठेवले होते ना मी, मग तिच्यापाशीच आणले." "सरकलेले नाहीत पोरी. मेलेत. मीच मारलेत."

रोझॅन उभीच होती. वारा सुटला होता, आणि खालून जहाजाचा आवाज येत होता. मग ती गुडघ्यावर बसली आणि पिशवीतून पाटी आणि पेन्सिल काढली, पाण्याखाली लिहायची ती. पहिला शंख उचलून पट्टी वाचायला गेली, पण डोळे भरून आले होते, आकडा दिसेना.

"दे इकडे," सिप्रियन म्हणाला. तो तिच्याशेजारी बसला. शंख हातात घेऊन, अंगठ्याने वाळू पुसून त्याने आकडा मोठ्याने वाचला. तिने लिहिला. त्याने तो शंख परत आयोनीच्या पायाशी ठेवला आणि पुढचा उचलला.